थोरल्याच्या खालची ओळ

मॉडेमचा आवाज ज्यांनी ऐकला नाही, त्यांना तो सांगून कळायचा नाही. आधी फोन लागल्यासारखी घंटी, मग किर्र, मग कुणीतरी करवतीनं पत्रा कापतंय असं काहीतरी, आणि शेवटी नुसती फुसफुस. नव्वदचं दशक संपता संपता शाहूपुरीतल्या एका सायबर कॅफेत मी तो पहिल्यांदा ऐकला. माझ्या शेजारी आमचे मालक, अण्णा, उभे होते. सारा जन्म ऑईल इंजिनाचे सुटे भाग करण्यात गेलेला माणूस. पत्रा कापल्याचा आवाज सुरू झाला तसा त्यांनी कॅफेवाल्याचा हातच धरला.

"बंद कर, बंद कर. पिस्टन धरतोय. अजून जरा चालवलंस तर लायनर जाईल."

"काका, इंटरनेट लागालंय," कॅफेवाला म्हणाला.

"लागू दे की. पण तेल बघ त्यातलं."

लेथखाली लोखंडाचा कीस साठतो, तसे वर्कशॉपात असले किस्से साठतात. संध्याकाळी झाडून काढावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. मी उद्यमनगरात त्या लेथपुढं उभा राहून म्हातारा झालो. शाळा थोडकी झाली आणि बोलायची सवयही कमी, त्यामुळं सांगायचं सगळं आतच राहिलं. पुढं काही वर्षांनी अण्णांच्या लेकीनं, गिरिजानं, वर्कशॉपची वेबसाइट काढली आणि ती लोकांना दिसावी म्हणून खटपट केली, त्या वर्षातले थोडे किस्से आज सांगतो.

*

आधी अडचण काय होती ते सांगायला पाहिजे.

शेतात विजेच्या मोटारी आल्या आणि ऑईल इंजिनं मागं पडली. पण सगळीच मेली नव्हती. कुणाच्या ओढ्याकाठी, कुणाच्या गुऱ्हाळात एखादं धुगधुगत होतंच. गिऱ्हाईक होतं, पण विखुरलेलं. त्याला आमचा पत्ता ठाऊक नाही, आम्हाला त्याचा नाही. आमच्या लेथवर काम कमी होत गेलं. एका मोबाईल शोरूमवाल्याचा जागेवर डोळा होता. भाड्यानं द्या म्हणून तो सारखा यायचा. अण्णांनी त्याला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं होतं. त्यानंतर लेथ भंगारात आणि आम्ही घरी. आम्ही सगळे पन्नाशीच्या पुढचे. दुसरीकडं कोण उभं करून घेणार?

गिरिजा कॉमर्स शिकलेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. तिचं म्हणणं साधं होतं. "अण्णा, ज्याला पार्ट पाहिजे तो आता माणसाला विचारत न्हाय, कॉम्प्युटरला विचारतोय. तिथं आपण दिसलो पाहिजे."

सर्च इंजिन हा शब्द वर्कशॉपात आला, त्या दिवशीच त्यावर होतील तेवढे विनोद होऊन गेले. ते इथं सांगत नाही.

तिनं केबिनमधल्या कॉम्प्युटरवरचं प्लॅस्टिक काढलं आणि आमच्या पाटीवरचं आजोबांचं नाव घालून शोधून दाखवलं. पहिल्याच ओळीत नाव आलं. पण ते आमचं नव्हतं, दोन गल्ल्या सोडून असलेल्या दुकानाचं होतं. ते अण्णांच्या थोरल्या भावाचं. वडील गेल्यावर दोघं वेगळे झाले, तेव्हापासून एकमेकांशी एक शब्द नाही. भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं. पण पाटीवर वडिलांचं नाव ठेवायचं दोघांनीही सोडलं नव्हतं.

गिरिजा पानं उलटत गेली. आम्ही पाचव्या पानावर सापडलो.

आमचा फिटर राजाराम म्हणजे वर्कशॉपचं तोंड. तो मान वाकडी करून बघत होता. म्हणाला, "पाचव्या पानावर तर पेपरात निधनवार्ता असत्यात."

*

ही वर आणण्याची कामं करणारी माणसं असतात हे तोवर आम्हाला ठाऊक नव्हतं. पहिला गडी आपणहून आला. भर उन्हात टाय बांधलेला, बॅग छातीशी धरलेली.

"गॅरंटी," तो म्हणाला. "एका महिन्यात पहिला नंबर."

"कसा आणता?" गिरिजानं विचारलं.

"ते आमचं सिक्रेट असतंय, मॅडम."

 गिरिजानं कुठंतरी वाचलं होतं की पहिल्या नंबराची गॅरंटी कुणालाच देता येत नाही, आणि काम कसं करतो हे जो सांगत नाही त्याच्याकडं जाऊ नये. पण घरी आलेल्या माणसाला तोंडावर कसं म्हणायचं?

राजारामनं हात पुसले. "पावणं, तुमच्या कंपनीचं नाव काय म्हणालासा? गिरिजा, शोध बघू."

तिनं शोधलं. पहिलं पान गेलं, दुसरं गेलं. पाचवं आलं, त्यावर आमचं असायचं कारण नव्हतं, पण पावण्याचंही नाव नव्हतं. तो बिचारा खाली बघायला लागला. आठव्या पानावर राजारामचं मन द्रवलं.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "पावणं, च्या घ्या. आम्ही पाचव्यावर हाय, तुम्ही त्याच्याबी पल्याड हायसा. आमच्याकडनं काय शिकायचं असलं तर लाजू नका."

माणूस हसला, चहा प्याला. त्याच्या मोटरसायकलचा स्टँड मोडलेला होता. अण्णांनी तो वेल्डिंग करून दिला, म्हणून तो जाताना गाडी भिंतीला न टेकवता सरळ उभी करून पुन्हा एकदा राम राम करून गेला.

*

त्यानंतर गिरिजानं ठरवलं, आधी आपली तयारी करायची, मगच कुणाकडं जायचं. राजारामपुरीत सलगर म्हणून एक जण हे काम करतो असं कळलं. फोनवर त्यानं गॅरंटी दिली नाही, उलट तिलाच प्रश्न दिले. तुम्ही काय करता, कुणासाठी करता, लोक तुम्हाला काय म्हणून शोधतात. लिहून आणा म्हणाला. तेवढ्यावरून तो तिला बरा वाटला.

"पण त्यानं आधी कुणाचं काम केलंय, त्यांना विचारलं पाहिजे," ती म्हणाली.

"ते माझ्याकडं दे," राजाराम म्हणाला. त्यानं आजवर भावकीतल्या पोरापोरींच्या सोयरिकी जुळवल्या होत्या. चौकशी म्हटलं की तो टोपी बदलायचा.

सलगरनं जोतिबाच्या डोंगरावरच्या एका लॉजवाल्याचं नाव दिलं होतं. राजाराम सकाळी गेला तो दिवस मावळताना आला. कपाळाला गुलाल, हातात प्रसाद.

"काम चांगलं हाय. लॉजवाला म्हणला, पहिलं चार-पाच महिनं कायबी झालं न्हाय, ह्यानं तसं आधीच सांगितलतं. मग हळूहळू फोन यायला लागलं. लबाडी न्हाय. वडील मास्तर. घरात दोन म्हशी. पोराला सुपारीचंबी व्यसन न्हाय. आणि लग्न झालंय."

गिरिजानं पेन खाली ठेवलं. "राजारामकाका, लग्न झालंय का हे कशाला विचारलासा?"

"विचारलं न्हाय. त्येनी आपणहून सांगितलं," राजाराम म्हणाला. मग जरा थांबून, "मी दोनदा विषय काढल्यावर."

*

लोक तुम्हाला काय म्हणून शोधतात, या प्रश्नाशी आम्ही सगळ्यात जास्त अडलो.

आमच्याकडं येणारा माणूस पार्टचं नाव सांगत नसे. तो इंजिनाचा आवाज काढून दाखवायचा. खुर्चीत बसायचा, घसा साफ करायचा आणि सुरू व्हायचा. धक धक धक फुस्स. कुणाचं इंजिन मधेच उचकी देणारं, कुणाचं चढावर दमणारं. अण्णा डोळे मिटून ऐकायचे आणि मग पार्ट ठरायचा. ही पद्धत त्यांच्या वडिलांपासूनची.

गिरिजा वही घेऊन बसली. "पण तात्या," ती मला म्हणाली, "हे माणूस टाईप कसं करणार?"

 मग तिनंच ठरवलं की आल्या गिऱ्हाइकाचं ऐकून लिहून घ्यायचं, मग त्यातून शब्द काढायचे. त्यात कागलकडचा एक शेतकरी आला. धिप्पाड, पण लाजरा. वही घेतलेली मुलगी समोर बघून त्याच्या तोंडातून आवाज फुटेना.

"काढा की पावणं," राजाराम म्हणाला.

"पोरगी बसलीया हो."

शेवटी तो बाहेर गल्लीत गेला, भिंतीच्या पलीकडं. आम्ही आत सगळे गप्प. अण्णांनी डोळे मिटले. बाहेरून एक आवाज आला, जरा ओला, जरा घरघरता.

"रिंगा गेल्यात," अण्णा म्हणाले. "आणि नोझलमधी कचरा हाय. लिही गं."

गिरिजानं लिहिलं.

भिंतीपलीकडून पावणा म्हणाला, "अण्णा, अजून सुरू केलं न्हाय. मी खोकलो."

*

सलगरनं असंही सांगितलं होतं, की जुन्या गिऱ्हाइकांचे चार चांगले शब्द मिळवा. ते साइटवर घालू, वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

आमच्याकडची माणसं मनात असलं तरी तोंडानं चांगलं बोलत नाहीत. एक जण म्हणाला, "चांगलं म्हणजे काय, वाईट असतं तर आलो असतो काय?" एवढंच लिहून घ्या म्हणाला. दुसरा म्हणाला, "ह्यो माणूस तिरसट हाय, पण इंजिन सरळ करतोय." अण्णा समोर बसून ऐकत होते आणि खूश होते.

कुरुंदवाडकडच्या एका म्हाताऱ्याला गिरिजानं फोन केला. त्याचं इंजिन अण्णांनी फार पूर्वी बांधून दिलं होतं. तो फोनवरच तापला.

"काय सांगू पोरी, वाटोळं केलं तुझ्या बानं. आधी इंजिन सारखं बंद पडायचं. पार्ट आणायला म्हणून कोल्हापूरला यायचो. मिसळ खायचो, पिच्चर बघायचो, रंकाळ्यावर बसायचो. बायको काय म्हणायची न्हाय. ह्येनी एकदा हात लावला तवापासनं इंजिन बंदच पडंना. माझं कोल्हापूर तुटलं."

गिरिजानं हे जसंच्या तसं घातलं. पुढं त्या पानावर सगळ्यात जास्त लोक हेच वाचत, असं ती सांगायची.

*

एक प्रश्न असा होता, की या वेबसाइटपासून तुम्हाला काय पाहिजे? थोडक्यात लिहा.

गिरिजानं जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना विचारलं. राजाराम म्हणाला, "ट्रक भरून ऑर्डरी." वेल्डरला आपला एक फोटो पाहिजे होता, पण चष्म्याशिवायचा. अण्णा म्हणाले, "गिऱ्हाईक चुकू नये."

मला विचारलं तेव्हा मी डबा धुवायला उठलो. दुपारी तिनं सगळ्यांची उत्तरं वाचून दाखवली, त्यात माझंही होतं. 'तात्यांना लेथ चालू पाहिजे.'

मी म्हटलं, "मी कुठं बोललो?"

"बोलला न्हाईसा," ती म्हणाली. "डबा घेऊन लेथपाशी जाऊन उभं ऱ्हायलासा. नळ दुसरीकडं हाय."

*

आता राहिला एकच प्रश्न. तुमचे प्रतिस्पर्धी कोण, त्यांची नावं लिहा.

"अण्णा, इथं काय लिहू?"

अण्णा कानशीनं एक कडा घासत होते. "मोकळं सोड."

मोकळं सोडून आम्ही तिघं, अण्णा, गिरिजा आणि मी, राजारामपुरीत सलगरच्या ऑफिसात गेलो. जिना अरुंद होता. सलगर तरुण माणूस, साधा शर्ट. त्यानं गिरिजाचे कागद सगळे वाचले. आवाजांचं पान दोनदा वाचलं.

"एवढी तयारी करून माझ्याकडं अजून कुणी आलं नव्हतं," तो म्हणाला. "आता लगेच काही होईल असं मी म्हणणार नाही. पण तुमच्याकडं सांगण्यासारखं आहे, आणि असलं काम करणारे थोडे उरलेत. त्यामुळं होईल." मग त्याला ती मोकळी जागा दिसली. "हे राहिलं वाटतं."

त्यानं स्वतःच शोधलं आणि कॉम्प्युटर आमच्याकडं वळवला. पहिल्या ओळीत थोरल्यांचं दुकान.

"हे बघा, नावही तुमचंच वापरतात. साइट जुनी आहे, आत काही नाही. गॅरंटी देत नाही, पण यांच्या वर जाणं अवघड दिसत नाही. दिवाळीच्या आसपास फरक दिसायला लागेल."

दिवाळी हा शब्द ऐकून गिरिजानं माझ्याकडं बघितलं. मीही तिच्याकडं बघितलं.

अण्णा त्या ओळीकडं बघत होते. "वर म्हणजे, ह्यांच्या वर?"

"हो."

"ते थोरलं हायत."

सलगरला कळलं नाही. "मोठी कंपनी आहे का?"

"न्हाय. माझं थोरलं भाऊ."

सलगरनं कीबोर्डवरचे हात काढून घेतले.  मग अण्णा म्हणाले, "साहेब, असं करता यील काय? आम्हाला त्यांच्या खाली बसवा. लगेच खाली. मधी दुसरं कोण नको."

"तसं ठरवून बसवता येत नाही हो. कुणाला कुठं ठेवायचं ते ते मशीन ठरवतं. आपण वर जायचं म्हणून काम करायचं, मग जिथं जागा मिळेल तिथं."

"माझ्या थोरल्या पोरीचं लग्न झालं," अण्णा म्हणाले, "त्याला ते आले न्हाईत. येणार न्हाईत हे आम्हाला ठाऊक होतं. पण पत्रिकेत त्यांचं नाव माझ्या वर होतं. थोरल्याचं नाव वरच असतंय. भांडणात बी असतंय."

सलगर म्हणाला, "अण्णा, ही पत्रिका नाही."

"लोकं वाचणार हायत न्हवं?"

"वाचणार."

"मग ऱ्हाऊ दे साहेब."

सलगरनं त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. जिन्यापर्यंत सोडायला आला.

खाली आल्यावर गिरिजाचा आवाज चढला. तो मी आजवर ऐकला नव्हता. "अण्णा, दिवाळीला माणसं कुठं जाणार? तात्या कुठं जाणार?"

"ठावं हाय मला."

"मग?"

अण्णा रस्त्याकडं वळले. वाहनं जोरात होती. रस्ता ओलांडताना मात्र तिनं त्यांचा हात धरला.

*

सलगरकडं झालेली ही गोष्ट थोरल्यांच्या कानावर कुणी घातली ते मला ठाऊक नाही. राजारामनं घातली असावी असा माझा संशय होता. तो देवाची शपथ घेऊन नाही म्हणाला, म्हणून संशय वाढला.

दिवाळी चार-आठ दिवसांवर होती. आकाशकंदील टांगून झाले होते. शोरूमवाला सकाळीच माप घ्यायला आला. काच कुठं येणार, काउंटर कुठं येणार हे तो सांगत होता. अण्णा खुर्चीत बसून ऐकत होते. गिरिजा केबिनमधून बाहेर आली नाही. शोरूमवाल्याला टेपचं दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे होता. मी जवळ होतो, म्हणून त्यानं ते माझ्या हातात दिलं. टेप माझ्यापासून लेथवरून पार मागच्या भिंतीपर्यंत गेली होती.

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली.

थोरले उतरले. त्यांच्या मागं एक पावणा होता, त्याच्या खांद्यावर पोतं. भाऊ वेगळे झाल्यापासून थोरल्यांनी त्या दारात पाय ठेवला नव्हता. राजारामच्या हातातला पाना तसाच राहिला. थोरल्यांनी चप्पल बाहेर काढली, आत आले, बाकावरची धूळ हातानं झाडली आणि पावण्याला तिथं बसवलं.

अण्णा खुर्चीतून उठले. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. थोरले थकलेले दिसत होते.

पावण्याला आमचं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं पोतं उतरवलं आणि आपला बोलायला लागला. "मी ह्यांच्याकडं गेलतो. पोरानं कॉम्प्युटरवर पत्ता काढून दिलता. ह्यांनी पार्ट बघितला, आणि म्हणाले, हे काम आमच्या दुसऱ्या दुकानात होतंय. चला, दावतो. मला काय ओ, कुठल्याबी दुकानात होऊ दे."

अण्णांनी पोत्यातला पार्ट काढला. तो हातात धरून ते तसेच उभे राहिले.

थोरल्यांनी वर छपराकडं बघितलं, लेथकडं बघितलं, लेथवरून गेलेल्या टेपकडं बघितलं. मग माझ्याजवळ आले. मी त्यांच्या वडिलांच्या वेळचा, ते मला ओळखत होते. माझ्या हातातलं टेपचं टोक त्यांनी अलगद काढून घेतलं आणि सोडून दिलं. टेप सरसरत गेली आणि तिकडं शोरूमवाल्याच्या मुठीत खट्कन बंद झाली.

थोरल्यांनी बाहेर जाऊन चप्पल घातली. स्कूटर तिथंच दारात राहिली; ती न्यायला त्यांना पुन्हा यावं लागणार होतं. ते पायीच गल्लीनं निघून गेले.